पंधरा पट्ट्या आणि चिमूटभर मीठ

भिंत उभी सरळ आहे की नाही, हे ओळंबा सांगतो. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे गुण्या सांगतो. पण ज्याच्या हातात ओळंबा आणि गुण्या आहे तो माणूस सरळ आहे की नाही, हे सांगणारे हत्यार कोणत्याही सुताराच्या पेटीत नसते. ते देवाने स्वतःजवळ ठेवले आहे. आणि भल्या माणसांनो, तो ते चालवतो तेव्हा आकाशातून वीज पाडून चालवीत नाही. ज्याच्या त्याच्या घरात चालवतो, ज्याच्या त्याच्या कामावर चालवतो, कधी कधी तर स्वयंपाकघरातल्या चिमूटभर मिठाने चालवतो. एका सुतारावर ते कसे चालले, ते सांगतो.

त्या सुताराला सगळी गल्ली 'गुण्या' म्हणत असे. आईवडिलांनी ठेवलेले नाव कागदोपत्री राहिले. तोंडोतोंडी चालले ते हेच. काटकोन तपासायचे ते वीतभर हत्यार, पोलादी पात्याचे आणि लाकडी मुठीचे, सदऱ्याच्या खिशात असल्यावाचून तो कुणाला कधी दिसलाच नाही. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तर आधी दाराच्या चौकटीला गुण्या लावी आणि मग पाणी मागे. एकदा तापाने फणफणलेला असताना त्याला दवाखान्यात ठेवले होते. शुद्धीवर येताच त्याने परिचारिकेला पहिली गोष्ट सांगितली, ती खाटेचा डावा पाय बाहेर गेल्याची. त्याची बायको शिवणकाम करी. ती म्हणे, "लग्नाआधी मलाही लावून बघितला असेल. मी पाठमोरी असेन, म्हणून कळलं नाही."

दुसऱ्याचे वाकडे दाखवण्याचा त्याला हक्क होता, असे लोक मानीत. कारण त्याचे स्वतःचे काम खरोखर सरळ होते. चाळीस वर्षे तो दारे-खिडक्यांच्या कारखान्यात करवतीच्या यंत्रासमोर उभा राहिला. त्याने बसवलेले दार ओलीत फुगले नाही आणि उन्हात कुरकुरले नाही. यंत्राचे पाते लाकडात शिरले की अशी किंकाळी उठे की नवखा माणूस कानांवर हात ठेवी. पहिल्या वर्षांत गुण्या घरी येई तेव्हा त्याच्या कानांत तीच किंकाळी बारीक सुरात तासभर चाले. पुढे ती थांबली. शरीर सरावले, असे त्याला वाटले. शरीर सरावले नव्हते. शरीर त्या बाजूचे एकेक दार आतून लावून घेत होते. पण चौकटी तपासणाऱ्या त्या माणसाने हे दार कधी तपासले नाही. निवृत्त झाल्यावर त्याची एकच तक्रार असे: हल्लीच्या लोकांना स्पष्ट बोलायला नको. सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.

त्याची लेक लहान मुलांच्या शाळेत गाणे शिकवी. एका रविवारी ती आली आणि वडिलांच्या हातचे पाणी पिता पिता म्हणाली की तोंडाने शिकवलेला सूर मुलांच्या हातात राहत नाही, हवेत विरतो. सूर जर लाकडात असेल तर मुलांना त्याला हात लावता येईल. तिला काष्ठतरंग हवा होता. लाकडाच्या पंधरा पट्ट्या, पहिली हातभर लांब आणि शेवटची वीतभर, एका चौकटीवर उतरत्या क्रमाने मांडायच्या, आणि गोल डोक्याच्या दोन काड्यांनी वाजवायच्या. दोन सप्तके आणि वर एक सूर. सुट्टी लागण्याआधी देईन, असे ती मुलांना सांगून बसली होती.

गुण्याची छाती फुगली. तरुणपणी तो गाणाऱ्यांच्या मागे बसून ताल धरीत असे. सुताराचा हात आणि गवयाचा कान असा जोड आपल्याशिवाय आहे कुणाकडे, असे त्याने बायकोला दोनदा ऐकवले. बायकोने सुईत दोरा ओवता ओवता मान वर केली, त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि पुन्हा खाली घातली.

लाकूड आणायला तो वखारीत गेला. वखारवाला त्याचा बालमित्र. दोघे शाळेत एका बाकावर बसले, आणि नंतरची पन्नास वर्षे वखारीच्या दारातल्या शिसवी बाकावर बसले. तासलेल्या लाकडाच्या वासात, उभ्या फळ्यांच्या सावलीत, रोज संध्याकाळी घटकाभर. वखारवाला मितभाषी. लाकूड पारखायची त्याची रीत एकच: फळीच्या एका टोकाला कान लावायचा आणि दुसऱ्या टोकाला बोटाच्या पेराने टकटक करायची. आत चीर असो, कीड असो, ओल असो, त्याला ऐकू येई. लेकीच्या शाळेचे काम ऐकताच तो मागच्या अंधारात गेला आणि शिसवाची एक काळसर फळी घेऊन आला. बावीस वर्षे त्याने ती सावलीत वाळवत ठेवली होती. कितीकांनी मागितली, त्याने दिली नव्हती.

"लेकरांसाठी ना? ने मग," तो म्हणाला. "ही कुणासाठी थांबलीय ते मलाही माहीत नव्हतं. आज कळलं."

आणि घराच्या मागच्या खोलीत काम सुरू झाले. खिडकीखाली ठोकळा, ठोकळ्यावर रंधा, पटाशी, कानस. शेजारच्या खोलीत बायकोचे शिवणयंत्र. आणि दोन्ही खोल्यांच्या मधले दार सदाचे उघडे. पट्टी कापायची, दोन मऊ कापडी गुंडाळ्यांवर ठेवायची, काडीने वाजवायची, ऐकायची. सूर उतरवायचा असेल तर पट्टीच्या पोटाखालून मधोमध लाकूड तासायचे. चढवायचा असेल तर टोके घासायची. तासणे सोपे, थांबणे अवघड; कारण काढलेले लाकूड परत लावता येत नाही. मग पट्टीवर चिमूटभर बारीक मीठ भुरभुरायचे आणि हलके हलके वाजवीत राहायचे. पट्टी जिथे थरथरते तिथले मीठ नाचत नाचत पळते, आणि जिथे ती स्थिर असते तिथे, दोन्ही टोकांपासून थोडे आत, दोन रेघांत गोळा होते. त्या रेघांवर भोके पाडायची आणि दोरी ओवायची. स्थिर जागी धरले तर लाकूड गाते. थरथरत्या जागी धरले तर मुके होते. केवढी ही शिकवण, आणि ती एका पट्टीच्या पाठीवर लिहिलेली!

लेकीने येऊन पहिला षड्ज गाऊन दिला. त्याला धरून गुण्याने एकेक पट्टी लावली. पहिली लागली. पाचवी लागली. आठवी लागली तेव्हा पहिले सप्तक पुरे झाले आणि त्याने बायकोला हाक मारून ते उलटसुलट वाजवून दाखवले. शिसव काय गात होते! तळघरातून कुणी प्रेमाने हाक मारावी तसे. अकरावी लागली.

बारावी मात्र लागेना. वाजवली की नुसते 'टक'. मागे सूर नाही, शेपूट नाही. टेबलावर पेन्सिल आपटावी तसे. त्याने पोटाखाली थोडे तासले. टक. आणखी तासले. टक. तेरावी घेतली, तीही तशीच. चार दिवस तो वरच्या चार पट्ट्या तासत राहिला. सूर आत कुठे तरी अडकला आहे आणि आपण त्याला वाट करून देत आहोत, असे समजून. शेवटी चारही पट्ट्या पापडासारख्या पातळ झाल्या आणि एक मधोमध तडकली.

बायको एकदा दारात येऊन उभी राहिली होती. तिने हळूच विचारले होते, लेकीला एकदा बोलावून ऐकवू या का. त्यावर तो ताडकन म्हणाला होता, "तुझ्या शिवणयंत्राच्या खडखडाटात तुला सूर काय कळणार? लाकूडच मेलेलं आहे."

बोलून गेला, आणि बोललेले खरे मानून बसला. माणसाचे असेच असते. दोष कुठे तरी ठेवायला जागा हवी असते, आणि स्वतःचे घर सोडून बाकी सगळी घरे त्यासाठी उघडी दिसतात.

शनिवारी तो दाढीला गेला. न्हाव्याचे दुकान म्हणजे दोन खुर्च्या, एक लांब आरसा, वाट पाहणाऱ्यांसाठी भिंतीलगत एक फळकूट, आणि त्यावर नेहमीची पाच-सहा माणसे. काष्ठतरंग कुठवर आला, असे कुणी तरी विचारले. अर्ध्या गालावर फेस, अर्धा गाल कोरा, अशा अवस्थेत गुण्याने आरशातूनच सगळ्यांना उत्तर दिले. "येतोय कुठला! वखारवाल्यानं लेकरांच्या वाद्यालासुद्धा मेलेलं लाकूड दिलं. पन्नास वर्षांची ओळख. मला देतो, तर तुम्हाला काय देत असेल, विचार करा."

न्हाव्याचा वस्तरा क्षणभर थांबला. कुणी तरी म्हणाले की मग वखारीच्या दारात सुतकाचा काळा पडदाच लावायला हवा. सगळे हसले. गुण्याही हसला.

न्हाव्याच्या दुकानात पडलेले केस संध्याकाळी झाडून निघतात. पडलेले शब्द मात्र गिऱ्हाइकांच्या अंगाला चिकटून घरोघर जातात. आणि शब्द कुणाचा? ज्याच्या खिशात गुण्या असतो त्याचा. दुसऱ्या कुणी म्हटले असते तर चेष्टेवारी गेले असते. आठवडाभरात एकाने खिडक्यांची लाकडे परत आणून टाकली. दवाखान्याच्या बाकांचे लाकूड वखारीतून जायचे ठरले होते, ते दुसरीकडून आले. लोक वखारीत शिरत, फळीवर बोटाने टकटक करीत, एकमेकांकडे पाहून हसत आणि निघून जात. जो माणूस आयुष्यभर लाकडाला विचारत आला, त्याच्याच लाकडाला आता वाटेल तो विचारू लागला.

वखारवाल्याच्या कानावर ते आलेच. दहाव्या दिवशी तो गुण्याच्या दारात उभा राहिला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली आखूड फळी. रागाचा शब्द नाही. फळी ठोकळ्यावर ठेवून तो म्हणाला, "ही बघ. पहिल्या फळीहून जुनी आहे. वरच्या चार पट्ट्या हिच्यातून निघतील."

गुण्याने काय करावे? त्याने बोटाचे पेर वाकवले, फळीवर टकटक केली, ओठ मुडपले आणि म्हणाला, "बघू."

वखारवाल्याने त्याच्या तोंडाकडे पाहिले. काही बोलायला म्हणून तोंड उघडले, शेजारच्या खोलीतल्या गुण्याच्या बायकोकडे नजर गेली, आणि ते मिटले. पाणीही न घेता तो गेला. त्या दिवशी शिवणयंत्र बराच वेळ बंद राहिले.

नव्या फळीतून बारावी पट्टी कापली. गुंडाळ्यांवर ठेवली. वाजवली. टक.

गुण्याच्या मनात आले, हीही मेलेलीच. पण सुतार तो सुतार. एक हत्यार चालेना तर दुसरे उचलणार. त्याला वाटले, कदाचित गुंडाळ्याच चुकीच्या जागी आल्या असतील आणि पट्टीचा गळा दाबत असतील. म्हणून या वेळी त्याने क्रम उलटा केला. तासायच्या आधीच मीठ आणले. भर दुपार होती, खिडकीतून ऊन सरळ ठोकळ्यावर येत होते. त्याने चिमूट सोडली, आणि काडीने हलके हलके वाजवू लागला.

टक, टक, टक. आणि मीठ नाचू लागले.

नुसते हलले नाही, नाचले. कण उड्या मारीत टोकांकडून आत आले, मधून बाहेर सरकले, आणि पाहता पाहता दोन रेघा उमटल्या, आजवरच्या अकरा पट्ट्यांवर उमटल्या होत्या तितक्याच स्वच्छ, तितक्याच सरळ. त्याने पुन्हा वाजवले. रेघा थरारल्या आणि जागच्या जागी बसल्या. मेलेले लाकूड मिठाला नाचवीत नाही. ही पट्टी गात होती. त्याच्या नाकाच्या टोकापासून वीतभर अंतरावर ती गळा मोकळा करून गात होती, आणि त्याला ऐकू येत होते ते फक्त काडीचे आपटणे.

भल्या माणसांनो, डोळ्यांनी कानाविरुद्ध साक्ष दिली. आणि साक्ष खोटी म्हणायला जागा नव्हती.

तो उठला. भिंतीवरच्या घड्याळाशी गेला आणि कान जवळ नेला. लोलक हलताना दिसत होता. त्याने कान लाकडाला टेकवला तेव्हा कुठे काही तरी जाणवले, तेही हाडाला. मग एकेक गोष्ट आठवू लागली. किटलीला शीळ फुटली की बायकोच का धावते. लेक बोलताना समोर येऊन का उभी राहते. अंगणातल्या पाखरांनी किती वर्षांपूर्वी बोलणे सोडले. कान तापले, गाल तापले, मानेपर्यंत आग उतरली. आपण पहिल्या फळीच्या चार पट्ट्या तासून तासून मारल्या. त्या गात असताना मारल्या. आणि मग त्यांच्या मालकाला चारचौघांत खोटा ठरवले.

पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच सरळ होतो, असे समजू नका. लाजेचा पहिला डाव असतो लपण्याचा. गुण्याने फुंकर घालून मीठ उडवले, पट्टीवर फडके टाकले आणि नऊ दिवस कुणाला काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी तो वखारीत गेला, सांगायचेच असे ठरवून. पाहतो तो वखारवाला एका पालथ्या खोक्यावर बसलेला. दारातला बाक नव्हता. बाकाचे दोन पाय भिंतीला टेकवून ठेवले होते, वरची फळी नव्हती. मग त्याला कळले की आपल्या घरी फडक्याखाली काय पडले आहे. ज्या फळीवर पन्नास वर्षे दोघे बसले, तीच उपसून या माणसाने आपल्याकडे आणली, आणि आपण तिच्यावर टकटक करून 'बघू' म्हणालो. वखारवाल्याने भुवया उंचावून काय हवे असे विचारले. गुण्या म्हणाला, एक बारीक लाकडी रीप हवी होती. ती घेऊन घरी आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेला आणि पुन्हा रीप घेऊन आला. सातव्या दिवशी तिसरी.

भिंतीशी उभ्या केलेल्या तीन रिपांकडे पाहून बायको म्हणाली, "अहो, कुंपण घालायचा विचार आहे का? मग वखारवाल्यांनाच इकडे बोलवा. रोजच्या फेऱ्या तरी वाचतील." तिच्या बोलण्यात हसू होते, डोळ्यांत नव्हते. आणि तो खाली मान घालून बसला, तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि मोठ्याने, अगदी त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "जिथे पडलंय तिथेच उचलावं लागतं. घरात शोधून सापडत नाही."

शनिवारी तो न्हाव्याच्या दुकानात गेला. फळकुटावर नेहमीची माणसे होती. आणि कोपऱ्यात, वर्तमानपत्राआड, वखारवालाही होता. खुर्ची रिकामी होती; न्हाव्याने ती फडक्याने झटकली. गुण्या बसला नाही. आरशातून बोलणे सोपे असते. तो आरशाकडे पाठ करून उभा राहिला.

"लाकूड मेलेलं नव्हतं," तो म्हणाला. "दोन्ही फळ्या जिवंत आहेत. माझा कान मेलाय. वरचे सूर मला ऐकू येत नाहीत. मी इथं बसून याच्याबद्दल बोललो ते खोटं होतं. नऊ दिवस झाले मला कळून, आणि नऊ दिवस मी गप्प बसलो."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिचा खडखडाट मात्र त्याला नीट ऐकू आला. मग न्हावी घसा खाकरून म्हणाला, तेही भिंतीवरची चुन्याची खपली उडेल एवढ्या आवाजात, "गुण्यादादा, चार वर्षं झाली, तुम्ही खुर्चीत बसलात की मी असा ओरडून बोलतो. बाकीची गिऱ्हाइकं म्हणतात, तुझा गळा बसेल. आम्हाला माहीत आहे."

त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. सगळ्यांना माहीत होते. हसणारे कुणी नव्हते. लपवलेले पाप उघडे पडले की लाज वाटते. पण जे आपण लपवीत होतो ते सगळ्यांनी आपल्यासाठी, आपल्या नकळत, मायेने झाकून धरले होते, हे कळले की जी लाज वाटते तिला तळ नाही. त्याला वाटले, आपण सगळ्यांच्या चौकटींना गुण्या लावीत हिंडलो, आणि ही माणसे आपली वाकडी बाजू अंगाने झाकून उभी होती.

त्याने वखारवाल्याकडे वळून विचारले, "तुलाही?"

वर्तमानपत्र खाली आले. "तुझ्या बायकोच्या आधीपासून."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? फळी घेऊन आलास तेव्हा? तुझी गिऱ्हाइकं गेली."

वखारवाल्याने वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाला, "तू म्हणालास, याचं लाकूड मेलंय. ते परवडलं. लाकूड काय, दुसरं आणता येतं. पण सुताराचा कान मेलाय, असं चारचौघांत मी म्हणायचं? तुझ्याबद्दल? मी?"

गुण्याने ओल्या डोळ्यांनी खिशातले ते हत्यार बाहेर काढले, काय करावे ते न सुचून मुठीत धरले, आणि परत ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीत दोघे बसू लागले. हात एकाचा, कान दुसऱ्याचा. वखारवाला डोळे मिटून पट्टीकडे कान करी. लेकीचा षड्ज त्याने ऐकून घेतला होता आणि खालच्या अकरा पट्ट्या सोबतीला होत्याच. तळहात खाली हलला की गुण्याने तासायचे, मूठ मिटली की थांबायचे. गुण्याने त्या मुठीवर जेवढे लक्ष ठेवले तेवढे आयुष्यात कुठल्या रेघेवर ठेवले नसेल. पटाशीचा एक घाव, नजर मुठीकडे. दुसरा घाव, नजर मुठीकडे. चार पट्ट्यांना चार दिवस लागले. शेवटची, वीतभराची, लागली तेव्हा शेजारच्या खोलीतले शिवणयंत्र आपोआप थांबले, आणि वखारवाल्याने पट्टीवर मीठ भुरभुरून काडी गुण्याच्या हातात दिली. गुण्याने वाजवले. मीठ नाचले. त्याने तेवढेच पाहिले, आणि तेवढे त्याच्या वाट्याला पुष्कळ होते.

सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी काष्ठतरंग शाळेत पोचला. लेकीने वडिलांना बोलावले होते. तो मागच्या रांगेत, लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला. मुले आळीपाळीने वाजवीत होती. त्यांचे हात डावीकडे आले की त्याला गाणे दिसे आणि ऐकूही येई. उजवीकडे गेले की गाणे तळ्यात बुडी मारी, नुसती टकटक पाण्यावर राही. आणि हात परतले की पुन्हा वर येई. लेक मुलांना म्हणाली की हे माझ्या बाबांनी घडवले. टाळ्या वाजल्या. गुण्या त्या इवल्याशा खुर्चीतून धडपडत उठला आणि म्हणाला, "वरच्या चार माझ्या नाहीत. त्या वखारवाल्याच्या आहेत." मुलांना काही कळले नाही. लेकीला कळले, तिने खाली पाहिले.

गेलेली गिऱ्हाइके सगळी परत आली, असे सांगितले तर गोष्ट गोड होईल, पण खरी होणार नाही. खिडक्यावाला आला. दवाखान्याचे बाक दुसऱ्याच्या लाकडाचे झाले, ते तसेच राहिले. आणि गुण्या कानांच्या तपासणीला गेला की त्यांच्यावर बसत नसे, उभा राही.

त्याने वखारीसाठी नवा बाक केला. जुनेच पाय, वर नवी फळी, आणि पाठीला त्याच तीन रिपा. हातगाडीवर घालून स्वतः ढकलत नेला, दारात जुन्या जागी ठेवला, आणि खिशातला गुण्या काढून वखारवाल्यापुढे धरला. म्हणाला, "तू लावून बघ. मी नाही बघितला."

वखारवाल्याने गुण्या हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मांडीवर ठेवून दिला. बाकाला लावला नाही. तो बसला, आणि बसताना एका अंगाला सरकला, उजवीकडे जागा मोकळी ठेवून. गुण्याचा डावा कान त्यातल्या त्यात बरा होता, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

गुण्या काठावर बसला. जमिनीकडे पाहत, हात गुडघ्यांत धरून. वखारवाला काही तरी बोलत होता, हळू आवाजात, पूर्वी बोलायचा तसे. निम्मे ऐकू आले, निम्मे नाही. पूर्वीचा गुण्या मान डोलावून मोकळा झाला असता. आता तो म्हणाला, "पुन्हा सांग. मला ऐकू आलं नाही."

आणि वखारवाल्याने पुन्हा सांगितले.